रोम होतं तेव्हा नंदिवर्धन

इ.स. ४१० च्या ऑगस्टमध्ये अलारिकच्या गॉथ सैन्यानं रोम शहर तीन दिवस लुटलं. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी वेढा उठवायच्या बोलीवर याच अलारिकनं जी खंडणी मागितली, तिच्यात ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी आणि ३,००० पौंड मिरी होती. ही मिरी भारतातून समुद्रमार्गे जाणारी. साधारण त्याच पिढीत, आजच्या नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर नंदिवर्धन नावाच्या राजधानीत एक विधवा राणी आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावानं राज्य चालवत होती. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती लेक आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी. नाव प्रभावतीगुप्ता. तिच्या राजधानीचं आजचं नाव नगरधन. रामटेकहून गाडीनं पंधरा-वीस मिनिटं लागतात.

शाळेच्या पुस्तकात रोम एका धड्यात आणि वाकाटक दुसऱ्या धड्यात, त्यामुळे हे दोघं एकमेकांचे समकालीन आहेत हे लक्षातच येत नाही. माझ्या ते लक्षात आलं रोमच्या फोरममध्ये. तिथले अर्धवट खांब आणि विटांच्या भिंती बघताना सारखं वाटत होतं की ही विटांची वळणं मी कुठंतरी पाहिली आहेत. पाहिली होती ती नागपूरजवळच्या मनसरला. तेव्हापासून आमच्या घरात सुट्टीतला बेत ठरला की नागपूरच्या आजूबाजूचं, रोमच्या काळातलं काहीतरी त्यात असतं. गाडी हे चालवतात. मागे सासूबाई, माझी लेक आणि बहिणीचा मुलगा. डिकीत पाण्याचा कॅन, सतरंजी, पुडाच्या वड्या आणि आलेखाच्या वह्या.

आलेखाच्या वह्यांचं कारण सांगते. माझी सगळी नोकरी सरकारी बांधकामाच्या कचेरीत आरेखक म्हणून झाली. इमारतीचा नकाशा काढायचा, पाया, जोतं, भिंतीची जाडी, दाराची जागा दाखवायची, हे माझं काम. आपल्याकडची दोन हजार, दीड हजार वर्षांपूर्वीची बांधकामं बघायला गेलं की छप्पर नसतं, खांब नसतात, बहुतेक ठिकाणी भिंतीही कमरेच्या वर नसतात. उरलेलं असतं ते फक्त जोतं, म्हणजे जमिनीवर एकास एक प्रमाणात काढलेला नकाशाच. तो वाचता आला की इमारत डोळ्यांसमोर उभी राहते. वाचता आला नाही तर माणूस उन्हात पाच मिनिटं उभा राहतो, एक फोटो काढतो आणि गाडीत येऊन बसतो. लहान मुलं कंटाळतात ती इतिहासाला नव्हे. काय बघायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून कंटाळतात.

निघायच्या आधी एक सकाळ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात घालवावी. आपला अजब बंगला, १८६३ सालचा. टेकड्यांवर, शेतांत जे सापडलं त्यातलं बरंच इथं आणून ठेवलेलं आहे, आणि जागेवर गेल्यावर समोर फक्त विटा असतात. मूर्ती आधी पाहिली असेल तर तिची रिकामी जागा बघताना मुलांना काहीतरी दिसतं.

नागपूरहून कामठी, कन्हान ओलांडून जबलपूरच्या रस्त्यानं गेलं की ४५ किलोमीटरवर मनसर लागतं. रामटेकला जाणारे लोक इथं उजवीकडे वळतात आणि मनसर मागे टाकतात. मनसर म्हटलं की आपल्याला मॅंगनीजची खाण आठवते. गावाजवळच्या तळ्याकाठी एक टेकडी आहे. गावातले लोक तिला हिडिंबा टेकडी म्हणतात, भीमाच्या बायकोची. या टेकडीवर १९७२ साली एक शिवमूर्ती मिळाली, ठेंगणी, गुबगुबीत आणि अतिशय प्रसन्न चेहऱ्याची. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढं १९९८ पासून काही वर्षं इथं मोठं उत्खनन झालं. नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्रातर्फे जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी ते केलं. झाडाझुडपांखालून जे बाहेर आलं ते बघून मी पहिल्यांदा गेले तेव्हा बराच वेळ खाली उभीच राहिले होते.

टेकडी म्हणजे नुसती टेकडी नाही. नैसर्गिक उंचवट्याला चहूबाजूंनी विटांचं बांधकाम घातलेलं आहे. टप्प्याटप्प्यानं वर चढत जाणाऱ्या गच्च्या, त्यांच्या भिंतींना कोनाडे आणि अर्धस्तंभ, मधून वर जाणारा जिना. विटा आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांब आणि लांबीच्या मानानं जाडीला कमी, त्यामुळे थर चपटे दिसतात. बांधणाऱ्यांपुढची अडचण माझ्या ओळखीची होती. एवढा मोठा उंचवटा भरीव विटांत बांधायचा तर वीट किती लागेल आणि वजन किती होईल? त्यांनी विटांचे चौकोनी कप्पे बांधले आणि ते मातीनं भरून काढले. बाहेरून सगळं सलग, आत भरणी. रोमन गवंडी वेगळ्या साहित्यानं हेच करत होते. त्यांच्या भिंतीला बाहेरून विटेचा पदर आणि आत काँक्रीटची भर असायची. दोन देशांतल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या कारागिरांनी खर्च वाचवायचा एकच मार्ग शोधला होता, याचं मला फार कौतुक वाटतं.

भाच्याला मी म्हटलं, इथल्या भिंतीचा एक तुकडा घे आणि आलेखाच्या वहीत काढ. एक वीट म्हणजे दोन चौकोन. तो खाली मांडी घालून बसला. भिंत सरळ जात नाही हे त्याला काढताना कळलं. थोडी पुढं येते, वळते, परत पुढं येते. देवळाचा पाया असा कोपऱ्याकोपऱ्यांनी बाहेर काढला की वरच्या भिंतीवर दिवसभर ऊन-सावलीच्या उभ्या पट्ट्या पडतात. साध्या चौकोनी भिंतीवर सकाळी ऊन असतं आणि दुपारी नसतं, एवढंच. अशा भिंतीवर मात्र सूर्य फिरेल तशी नक्षी बदलत राहते. पुढच्या काळातल्या दगडी देवळांत आपण जो वळणावळणाचा तलविन्यास बघतो, त्याची विटेतली सुरुवात इथं दिसते. एक कागदभर नकाशा काढून झाल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, वर काय असेल मग?" हा प्रश्न विचारला की मुलाला अवशेष वाचता यायला लागले असं मी समजते.

आमचं हे चाललेलं असताना बकऱ्या घेऊन आलेला एक म्हातारा जवळ येऊन उभा राहिला. "काय पाह्यता जी? इटाच तं हायेत." मी म्हटलं, या विटा दीड हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, राजाच्या काळातल्या. तो शांतपणे म्हणाला, "माहीत हाये जी. आमी इथंच तं मोठे झालो. तवा सारं मातीतच होतं, झाडं होती वर." मग त्यानंच लेकीला जिन्याची सुरुवात कुठं आहे ते नेऊन दाखवलं.

हे मनसर म्हणजे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं बरेच अभ्यासक मानतात. हा प्रवरसेन प्रभावतीचाच मुलगा. तिनं आधी दिवाकरसेन या मुलाच्या वतीनं कारभार पाहिला, पुढं गादीवर आला तो प्रवरसेन. त्यानं राजधानी नंदिवर्धनहून इकडं आणली. हिडिंबा टेकडीवरचं बांधकाम म्हणजे ताम्रपटांत येणारं प्रवरेश्वराचं देऊळ, असं मत हान्स बाकर या डच अभ्यासकानं मांडलं. उत्खनन करणाऱ्यांना इथं बौद्ध अवशेषही दिसले आणि त्यावरून वाद आहे. टेकडीवरच्या एका खड्ड्यात चुन्यात घडवलेली माणसाची आकृती मिळाली. ती पुरुषमेधाच्या विधीतली असावी की वास्तुपुरुष म्हणून पायात ठेवलेली, यावरही बरंच लिहिलं गेलं आहे. मुलांना हा वाद सांगावा. पुरातत्त्व म्हणजे पाठ करायची उत्तरं नसून, एका खड्ड्यात मिळालेल्या चुन्याच्या माणसाबद्दल जाणत्या लोकांनी वर्षानुवर्षं घातलेली हुज्जत आहे, हे त्यांना फार आवडतं.

या प्रवरसेनाची आणखी एक ओळख प्रत्येक मराठी माणसाला असायला हवी. तो कवी होता. 'सेतुबंध' हे रामानं लंकेला सेतू बांधल्याचं महाकाव्य त्यानं महाराष्ट्री प्राकृतात रचलं, म्हणजे मराठी ज्या भाषेतून आली त्या भाषेत. आपल्या भाषेच्या आजीत महाकाव्य लिहिणारा राजा नागपूर जिल्ह्यात राहत होता, आणि त्याच्या टेकडीजवळून रोज हजारो गाड्या जातात.

सासूबाईंना रामटेक हवं असतं ते रामाच्या दर्शनासाठी. ते बरोबरच आहे, गडावर आधी राम. पण गड चढताना दक्षिण उतारावर दोन लहान देवळं लागतात, रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह. तांबड्या दगडाची, जाड, बुटकी. बाहेरून पाहिलं तर कुणी थांबणार नाही. ही वाकाटकांच्या काळातली आहेत, म्हणजे छपरासकट उभी असलेली, पूजा चालू असलेली पाचव्या शतकातली देवळं. भारतभर अशी देवळं फार थोडी उरली आहेत. केवल नरसिंहाच्या देवळात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दुरुस्तीसाठी भिंतीवरचे चुन्याचे थर काढले आणि खाली शिलालेख निघाला. बराच झिजलेला आहे. अभ्यासकांनी तो लावला त्याप्रमाणे प्रभावतीच्या लेकीनं आईच्या पुण्यासाठी इथं देऊळ बांधून त्या देवाला आईचंच नाव दिलं, प्रभावतीस्वामी. हे ऐकल्यावर सासूबाई परत वळल्या आणि नरसिंहापुढं दुसऱ्यांदा नारळ ठेवून आल्या. लेकीनं आईसाठी केलं म्हणाल्या, मग एक नारळ माझाही.

गडावरच वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडं निघाला तो निष्पाप, असं लोक मानतात. दोन्ही मुलं निघाली. वा. वि. मिराशी यांनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे हाच रामटेक असं साधार मांडलं. वाकाटकांचे सगळे लेख एकत्र करून त्यांचा मोठा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध करणारेही मिराशीच. नागपूरच्या या विद्वानाचं काम नसतं तर आपल्याला मनसर-नगरधनबद्दल आजच्या निम्मंही ठाऊक नसतं. गडावरून खाली पाहिलं की तळी, धानाची शेतं आणि पानमळे दिसतात. उतरताना माकडांपासून पिशव्या सांभाळाव्यात, वड्या आधीच संपवाव्यात.

नगरधनला आज जो किल्ला दिसतो तो नंतरचा, गोंड आणि भोसल्यांच्या काळात घडत गेलेला. तट, बुरूज, दरवाजा, आत पायऱ्या उतरून जाणारं जमिनीखालचं देवीचं ठाणं. लोक किल्ला पाहून परततात. वाकाटकांची राजधानी गावाच्या आसपास, शेतांखाली आहे. २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इथं उत्खनन केलं. तेव्हा एक मातीचा ठसा मिळाला. लांबी ३५.७१ मिलिमीटर, रुंदी २४.२०, जाडी ९.५० मिलिमीटर आणि वजन ६.४० ग्रॅम. त्यावर शंख आणि ब्राह्मी लिपीत राणीचं नाव. गाठोड्याच्या किंवा कागदपत्राच्या दोरीच्या गाठीवर ओली माती दाबायची आणि तिच्यावर मुद्रा उमटवायची, म्हणजे वाटेत कुणी उघडलं तर कळतं. पूर्वी टपालाच्या पाकिटावर लाख लावून सील करायचे त्याच कामाची ही माती.

एक राणी, नवरा अकाली गेलेला, मूल लहान. तिच्या नावाचा शिक्का कचेरीत रोज उमटत होता. तिचे ताम्रपटही आहेत. पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जाणारा तिचा लेख नंदिवर्धनहून दिलेला आहे, आणि त्यात ती सुरुवातीला सासरची नव्हे, माहेरची गुप्त वंशावळ सांगते. आपण कुणाची मुलगी आहोत हे तिला दानपत्रावर लिहून ठेवायचं होतं.

इथं मला रोमची गाल्ला प्लासिडिया आठवते. तीही सम्राटाची मुलगी, थिओडोसियसची. अलारिकच्या लोकांनी रोम लुटलं तेव्हा तिला ओलीस नेलं. पुढं विधवा झाल्यावर ४२५ ते ४३७ या काळात तिनं आपल्या लहान मुलाच्या, तिसऱ्या व्हॅलेंटिनियनच्या वतीनं पश्चिम रोमन साम्राज्याचा कारभार पाहिला. इटलीत राव्हेन्ना शहरात तिच्या नावानं ओळखली जाणारी छोटी विटांची इमारत अजून उभी आहे. आत निळ्या-सोनेरी काचतुकड्यांची नक्षी आहे आणि ती बघायला जगभरातून माणसं जातात. दोघी एकाच पिढीच्या आगेमागे, दोघींवर एकच प्रसंग, दोघींची बांधकामं विटांची. एकीचं छप्पर राहिलं. दुसरीचा सहा-साडेसहा ग्रॅमचा ठसा राहिला.

छप्पर का राहत नाही, हे आमच्या खात्यात नव्यानं आलेल्या मुलांनाही मी सांगत असे. वऱ्हाड-नागपूरकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर्षातून एकदा पाया उचलला जातो आणि एकदा खाली सोडला जातो. म्हणूनच जुनी माणसं बांधकामासाठी मुरमाड उंचवटा शोधत. हिडिंबा टेकडी निवडली त्यात हा शहाणपणा होताच. वरचं काम पुष्कळसं लाकडाचं, त्याला वाळवी. विटा मातीत जोडलेल्या, त्यावर चार महिने मुसळधार पाऊस. एकदा पिंपळाचं बी भेगेत पडलं की पुढचं काम मूळ करतं. रोमन लोकांकडे नेपल्सजवळच्या ज्वालामुखीची राख होती. चुन्यात ती मिसळली की पाण्याखालीसुद्धा घट्ट होणारं काँक्रीट तयार होतं. अशाच काँक्रीटमधून इ.स. १२५ च्या सुमाराचा पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट उभा राहिला. तो आजही पावसापाण्यात तसाच आहे.

आणि माणूस. लोकांनी जुन्या टेकड्यांच्या विटा काढून घरं, विहिरी बांधल्या म्हणून आपण हळहळतो. रोममध्येही तेच झालं. कोलोसियमचा दगड शतकानुशतकं पुढच्या इमारतींसाठी काढून नेला, संगमरवर भट्टीत घालून त्याचा चुना केला. तिथं मूळ बांधकामच एवढं अवाढव्य होतं की लुटूनही पुष्कळ उरलं. आपल्याकडं उरलं ते जोतं. त्याला कमी लेखायचं कारण मला तरी दिसत नाही.

किल्ल्याबाहेरच्या नांगरलेल्या शेताच्या बांधावर लेकीला एक खापर दिसलं, तळहाताएवढं, तांबड्या रंगाचं. बाहेरून गुळगुळीत. आतून बोटांच्या ओळी, एकीला लागून एक, गोल फिरत गेलेल्या. चाक फिरत असताना कुंभारानं आतून हात दिला तेव्हाच्या. तिनं आपलं बोट त्या ओळीत ठेवून पाहिलं. तिच्या बोटापेक्षा ओळ रुंद होती. मग खापर जिथं होतं तिथंच, त्याच बाजूनं ठेवलं. हा आमच्या घरचा नियम आहे. अशा जागेवरून काहीही उचलायचं नाही, खापर नाही, मणी नाही, विटेचा कपचा नाही. कायदा तर आहेच. पण खापर कुठल्या शेतात, कुठल्या थरात होतं यावरच त्याचा काळ ठरतो. घरातल्या कपाटात ठेवलेल्या खापरावरून कुणालाही काहीही सांगता येत नाही. फोटो काढावा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. आकार कळतो.

वाकाटकांच्या मागं जायचं असेल तर नागपूरहून दुसऱ्या दिशेला, उमरेड-भिवापूरच्या रस्त्यानं पवनीला जावं. सुमारे ८० किलोमीटर. भिवापूरला मिरच्यांचे ढीग वाळत असतील त्या दिवसांत काचा वर ठेवाव्या लागतात. पवनी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. गावाच्या तीन बाजूंना मातीचा प्राचीन तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी. खंदकाच्या कडेनं चालत गेलं की इथं शहर होतं याची खात्री पटते, कुणी सांगावं लागत नाही.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी. हेच जोशी तीस वर्षांनी मनसरला आले. जगन्नाथ टेकडी आणि सुलेमान टेकडी या दोन टेकड्यांच्या पोटात स्तूप निघाले. पहिल्याचा व्यास ३८ मीटरच्या वर, दुसऱ्याचा ४१ मीटरच्या वर. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे. म्हणजे विस्तारानं पवनीचे दोन्ही स्तूप सांचीहून मोठे, आणि त्यांची सुरुवात मौर्यकाळापर्यंत मागं जाते. रोम तेव्हा हॅनिबलशी लढत होतं, साम्राज्य व्हायचं होतं. स्तूपाच्या कठड्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. एका शिल्पात फणा काढलेला नाग आणि खाली त्याचं नाव, मुचरिंद. बुद्धावर पावसात फणा धरणारा तो मुचलिंद नाग. इथंच मिळालेला रुपिअम्म नावाच्या महाक्षत्रप कुमाराचा स्तंभलेख नागपूरच्या संग्रहालयात आहे. पश्चिमेकडचे शक क्षत्रप वैनगंगेपर्यंत पोचले होते, हे त्या एका दगडावरून कळतं.

जागेवर आज फारसं दिसत नाही, हे आधीच सांगून मुलांना न्यावं. आम्ही सुलेमान टेकडीजवळच्या मोकळ्या जागेत दोरी घेतली. मध्ये भाचा उभा राहिला, लेक दोरीचं टोक धरून एकवीस मीटरवर गेली आणि गोल फिरू लागली. ती फिरून परत जागेवर येईपर्यंत जो वेळ लागला, तो कुठल्याही फलकापेक्षा जास्त सांगून गेला. हे नंतर म्हणाले की क्रिकेटच्या खेळपट्टीच्या लांबीच्या दुपटीहून जास्त झालं. मग सगळे परत मध्यभागी येऊन उभे राहिले.

पवनीच्या वाटेवर वेळ असेल तर कुही तालुक्यात अडम आहे. अमरेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९८८ पासून इथं काही हंगाम उत्खनन केलं. तटबंदी, खंदक आणि 'अस्सक जनपदाची' असा मजकूर असलेली मातीची मुद्रा मिळाली. बुद्धकाळातल्या सोळा महाजनपदांत ज्या अस्सकाचं नाव येतं, त्याच अस्सकाचा उल्लेख नागपूर जिल्ह्यातल्या मातीत निघाला. त्याच तालुक्यात मांढळ आहे. अजयमित्र शास्त्री आणि चंद्रशेखर गुप्त यांनी १९७० च्या दशकात तिथं वाकाटक काळातल्या अशा मूर्ती उजेडात आणल्या की ज्यांच्यासारख्या दुसरीकडं सहसा दिसत नाहीत. त्यांतला अनेक मुखांचा शिव बघायला परत संग्रहालयातच जावं लागतं.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. मार्चनंतर नागपूरचं ऊन विटांवर उभं राहू देत नाही. मनसर-रामटेक-नगरधन एका दिवसात होतं, मात्र मनसरला सकाळीच पोचावं. ऊन तिरपं असताना कोनाडे उठून दिसतात, बारा वाजता सगळी भिंत सपाट होते. विटांवर चढू नये. टोपी, पाणी, वही, पेन्सिल, वीसेक मीटर दोरी आणि मोजपट्टी एवढं सामान पुरतं.

आता पुढचा बेत समृद्धी महामार्गानं जालन्याकडून भोकरदनचा आहे. केळणा नदीकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या माणसांची नावं आहेत. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून १९७३ च्या सुमाराला इथं उत्खनन केलं. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. अशीच हस्तिदंती मूर्ती तेरला आहे, गोरोबा काकांच्या गावी, तिथल्या लामतुरे संग्रहालयात. आणि याच घडणीची सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची तिसरी मूर्ती १९३८ साली पॉम्पेईत एका घरात निघाली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसची राख पडली तेव्हा ती त्या घरात होती. तिची घडण भोकरदन-तेरच्या बाजूची असावी असं अनेक अभ्यासकांना वाटतं. त्या काळात दख्खनचा माल बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई, पैठणहून रंगीत दगड आणि तेरहून कापड, हे एका ग्रीक व्यापाऱ्यानं पहिल्या शतकात लिहून ठेवलेलं आहे. रोमन लेखक प्लिनीनं तर तक्रारच केली आहे की भारत दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

भाच्यानं नकाशावर पट्टी ठेवून भोकरदन ते भडोच अंतर काढलं आणि बैलगाडी दिवसाला किती जाते ते माझ्या सासूबाईंना विचारलं. त्यांच्या लहानपणी माहेरची गाडी उमरेडहून नागपूरला यायला पहाटे निघून रात्र करायची. त्यावरून त्याचा हिशेब सुरू आहे, घाटाचे दिवस वेगळे धरून.